शौनकने दिलेली हलगी

“माझ्याच घरातला माळा मी विचारून आवरायचा का?” पोपटराव म्हणाले.

“तसं नाही म्हणालो मी, बाबा. विचारलं असतं तर सांगितलं असतं, एवढंच.”

“मग आता विचारतोय.”

जेवायच्या टेबलावर हलगी पडली होती. माळ्यावरच्या जुन्या गाद्यांमागून पोपटरावांनी ती ओढून काढली, टेबलावर ठेवली, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. चंद्रभागाबाईंनी मंडईतून आणलेल्या मटाराचं ताट तेवढं मुकाट्याने मांडीवर घेतलं होतं.

धम्मदीप सांगायला लागला. कॉलेजपासून तो शौनकच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होता. खराडीच्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, वाघोलीला हा फ्लॅट घेतला, तरी शनिवार-रविवारची तालीम कधी चुकली नव्हती. पहिला अल्बम इंग्रजी होता, कर्कश होता, आणि तसल्या बँडना आता गल्लोगल्ली तोटा नव्हता. म्हणून शौनकने ठरवलं होतं की नवा अल्बम मराठीत करायचा. गिटार हळू, ड्रम बंद, त्याऐवजी हलगी. सोमवारपासून रेकॉर्डिंग होतं आणि धम्मदीपने रजा टाकली होती. हलगी शौनकनेच आणून दिली होती, चांगली पारखून.

“पारखून,” पोपटराव म्हणाले. “त्याला कळतं वाटतं त्यातलं.”

“बाबा, हे गावकीचं वाजवणं नाही. स्टेजवरचं आहे. लोक तिकीट काढून येतात.”

“तेव्हाही लोक यायचे. तिकीट नव्हतं एवढंच.”

धम्मदीपला आजोबांची गोष्ट पाठ होती. पाटलाकडचं लग्न असो, दवंडी असो, हलगी गळ्यात अडकवून आजोबांनी पुढे चालायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन ते गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी हलगी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. परत आणली नाही. पुढे वर्षभर कुणी त्यांना कामाला बोलावलं नाही. पोपटराव तेव्हा लहान होते, पण भाकरीशिवाय गेलेला तो उन्हाळा पोस्टात नोकरी करून निवृत्त झाले तरी विसरले नव्हते. घरात ढोलकी चालायची, जयंतीला तर हवीच असायची. हलगी नाही.

“गाणी त्याची, बँड त्याचा,” चंद्रभागाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, “मग ही गळ्यात अडकवायला आमचंच पोरगं कसं सापडलं?”

“आई, ड्रमर मी आहे म्हणून.”

धम्मदीपची बायको अक्षता इतका वेळ स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “पण तुला येते का वाजवायला?”

“शिकेन.”

“कुणाकडे? सोमवारी रेकॉर्डिंग आहे ना?”

“शौनक म्हणाला, शिकायची गरज नाही.” धम्मदीप थांबला. गेल्या आठवड्यात हे वाक्य ऐकून तो खूश झाला होता, त्याने त्यासाठी सगळ्यांना चहाही पाजला होता. “म्हणाला, तुझ्या रक्तातच आहे.”

चंद्रभागाबाईंनी हातातली शेंग न सोलताच ताटात टाकली.

“माझ्या बापालाही गाव तेच म्हणायचं,” पोपटराव म्हणाले, आणि उठून खिडकीशी गेले.

धम्मदीपने गॅलरीत जाऊन फोन लावला. काचेचं दार ओढून घेतलं तरी त्याचा आवाज आत येत होता. मी ड्रमवरच बसतो, तो सांगत होता, ताल जमवून देतो, हलगी दुसरं कुणी वाजवू दे, हवं तर तू वाजव. पलीकडून शौनक बराच वेळ बोलला असावा. धम्मदीपने दोनदा “ऐक ना” म्हटलं. मग म्हटलं, “तुला येत नाही म्हणतोस, मग मला तरी कुठे येते?” शेवटी म्हणाला, “ठीक आहे. ड्रम नकोच असतील तर मीही नाही. बघ मग कुणी मिळतं का.”

आत येऊन त्याने हलगी उचलली, शौनकने दिलेल्या कापडी पिशवीत घातली आणि पिशवी दाराशी चपलांच्या वर टांगली.

“ही संध्याकाळी परत देऊन येतो,” तो म्हणाला. “सोमवारी मी ऑफिसला जाणार आहे, डबा लागेल. आणि येताना ड्रमचा सेट घेऊन येतोय. माळा रिकामा करून ठेवा.”