रंधा मारायचा शर्ट

आमच्या ह्यांना सुतारकामाचा नाद लागला, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. कुणाचे नवरे रविवारी पत्ते कुटतात, कुणाचे त्याहून वाईट काही करतात. माझा नवरा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल करायचा. स्टूल डुगडुगायचं, तो भाग निराळा. माझी तक्रार होती ती कपड्यांबद्दल.

हे दौंडला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क. नव्वदनंतर कधीतरी आम्ही क्वार्टर सोडून गावाच्या कडेला स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या आणि मागे ती शेड उभी राहिली. रविवारी सकाळी अंघोळ झाली की हे कपाटातून इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट काढायचे, मनगटाची बटणं लावायचे, शर्ट पँटीत खोचून पट्टा आवळायचे, बुटांवर ब्रश मारायचे आणि मागच्या दाराने रंधा मारायला जायचे. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी मला विचारलं, साहेबांना रविवारीही ड्युटी असते का. मी हो म्हणून टाकलं. खरं सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं.

दुपारी तो शर्ट माझ्याकडे यायचा. खिशात भुसा, कॉलरच्या घडीत भुसा, आणि पोटावर पॉलिशचा असा डाग की साबण, सोडा, लिंबू सगळं हात टेकायचं. मी म्हणायचे, अहो, जुनी पँट घाला, बनियन घाला, लुंगी गुंडाळा. आपली दारं बसवणारा मिस्त्री नाही का, बनियनवरच सगळं घर उभं करून गेला. त्यावर हे म्हणायचे, तो मिस्त्री आहे. मग तुम्ही कोण, असं मी विचारलं की कॉलर नीट करायचे आणि परत लाकडाकडे वळायचे.

आमच्या घरात, म्हणजे आमच्या लोकांच्या सगळ्याच घरांत असतो तसा, भिंतीवर कोट-टायमधला एक फोटो आहे. त्या फोटोतून कुणी काय घेतलं ते ज्याचं त्याला माहीत. ह्यांनी पुस्तकं घेतली आणि इस्त्री घेतली. समोरचा माणूस आधी कपडा बघतो आणि मग ठरवतो, अरे म्हणायचं की अहो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑफिसात ते खरंही असेल. पण शेडमध्ये तुम्हाला अरे कोण म्हणणार आहे, पाली? असं मी विचारायचे. पालींबद्दल त्यांचं काही म्हणणं नसायचं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग ह्यांनी पुण्याहून एक जुनं कटर मशीन आणलं. टेबलाच्या फटीतून गोल पातं अर्धं वर आलेलं, बटण दाबलं की गल्लीभर किंचाळणारं. त्याच्याबरोबर एक कागद आला होता. त्यावर एका गोऱ्या माणसाचं चित्र: डोळ्यांना गॉगल, अंगात एप्रन, बाह्या कोपराच्या वर. ह्यांनी तो कागद मन लावून वाचला आणि मलाही वाचून दाखवला. गॉगल लगेच आणला, कारण तो घातल्यावर माणूस इंजिनिअर वाटतो. एप्रन हॉटेलातले लोक घालतात म्हणून तो बाद झाला. आखूड बाह्यांचं विचारलं तर म्हणाले, हाफ शर्टात माणूस शिपायासारखा दिसतो.

मात्र मी झाडायला शेडमध्ये पाय ठेवला की ह्यांना सगळे नियम आठवायचे. पदर खोच, केस बांध, बांगड्या मागे सार, पात्यापासून लांब राहा. स्वतःची बाही मनगटावर फडफडत असायची.

मला त्या पात्याची भीती वाटायची, सरळच सांगते. ते सुरू झालं की माझं स्वयंपाकातलं लक्ष उडायचं आणि ते बंद होईपर्यंत मी पोळपाटावर तीच पोळी लाटत बसायचे. दिवसभर लिहून घर चालवणारा तो उजवा हात होता. निदान बाह्या तरी दुमडा, म्हणून मी रागावले, रडले, एकदा तर दिवसभर अबोला धरला. बाही दुमडली की चुरगळते, एवढंच उत्तर मिळालं.

एका रविवारी फळी पुढे सारताना पात्याने बाही धरली. किंचाळीचा सूर बदलला, मग एकदम थांबला. मी धावत गेले तर ह्यांनी डाव्या हाताने बटण बंद केलं होतं. उजवी बाही कोपरापर्यंत चिंध्या झालेली, तळवा फाटलेला, रक्त बुटांवर टपटपत होतं. बोटं मात्र होती. मी ती मोजली.

पंचा गुंडाळून मी त्यांना रस्त्याकडे ओढायला लागले, तर हे घरात वळले. कपाटातून दुसरा पांढरा शर्ट काढला आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"बटणं लाव," म्हणाले.

मी तोंडाला येईल ते बोलत होते आणि बटणं लावत होते.

रिक्षाने दवाखान्यात पोचलो. बाकावर आमच्या आधीच एकजण बसलेला होता. लाकडाच्या वखारीतला हमाल, फाटका बनियन, हाताला फडकं बांधलेलं, फडकं लाल झालेलं. त्याचाही हात वखारीच्या पात्याखालीच सापडला होता. कंपाउंडर बाहेर आला, त्याने आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "या साहेब, आत या." हमालाला म्हणाला, "तू थांब रे."

तोवर तो माणूस बाकावरून उठला होता. "बसा सायेब," म्हणाला, "आमाला उभं ऱ्हायची सवं हाय."

हे कंपाउंडरला म्हणाले की आधी त्यांना घ्या, ते माझ्या आधी आलेत. कंपाउंडर हसला, साहेब फार सभ्य आहेत अशा अर्थाने, आणि दंडाला धरून ह्यांना आत घेऊन गेला. टाके पडले. बाहेर आलो तेव्हा तो हमाल पायरीवर बसून होता.

येताना रिक्षात माझ्या जिभेवर सगळं तयार होतं: मी म्हणत नव्हते का, आता तरी अक्कल आली का. पण खरं बघायला गेलं तर ह्यांचंच म्हणणं सिद्ध झालं होतं. इतक्या वर्षांच्या इस्त्रीचं चीज झालं, नंबर आधी लागला. मला संताप येत होता आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. म्हणून मीच म्हणाले, "जिंकलात तुम्ही. शर्ट बघूनच आत घेतलं."

रेल्वेचं फाटक लागलं, रिक्षा थांबली.

"माझा बाप असाच उठायचा," हे म्हणाले. "तळेगावच्या स्टँडवर. पांढरा शर्ट दिसला की उठायचा, मलाही दंडाला धरून उठवायचा. कोण आहे, कुठला आहे, बघायचासुद्धा नाही."

मग पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आज मला बघून उठला."