बोलोन्याची पडवी

पोशीरच्या पारावर मी बोलोन्या शहर जितक्या वेळा उभं केलं, तितक्या वेळा इटलीवाल्यांनीही केलं नसेल. लढाईत मी फौजेचा ट्रक चालवायचो. लढाई संपल्यावर त्या शहरात एक दुपार काढली, आणि त्या एका दुपारीवर गावात कित्येक वर्षं मिरवलो.

मी सांगायचो, आपले भाऊबंद बांध कोरतात, म्हणजे भांडण आडवं. तिथल्या जुन्या श्रीमंत घराण्यांचं भांडण उभं. एकाने मनोरा बांधला की दुसरा त्याहून उंच बांधणार. आता मोठे दोनच उरलेत, तेही कलंडलेले. पोटभर जेवून मी उंच मनोरा चढायला लागलो, तर वर पोचेपर्यंत परत भूक.

"कलंडलेला पडत कसा नाय रं?" कुणी विचारायचं.

"आमचा हवालदार टेकून उभा हाय ना, अजून सुटी मिळाली नाय त्याला."

माझ्याबरोबर भरती झालेला गावातला एकजण परत आला नव्हता. त्याच्या आईला सरकारी तार आली, पण कुठे गेला, कसा गेला, त्यात काही नव्हतं. भाद्रपदात ती घरच्या प्रत्येक पितराच्या नावाने एकेक माणूस जेवायला बसवायची, लेकाच्या नावाने मात्र नाही. म्हणायची, "कुठं पडला ठाव नाय, तर हाक कुठं मारू?"

एकदा लावणीच्या दिवसांत तिने मला ओटीवर बसवून घेतलं.

"तू त्या बोलोन्यात होतास, तो बी तिकडंच कुठं तरी. माजा पोर पावसात भिजत पडला होता काय रं?"

तो शहराच्या बराच अलीकडे, नदीकाठच्या चिखलात गेला. मी पाहिलं होतं. तेव्हा काय वाटलं ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. आत्ताही वाटत नव्हतं.

"नाय गं आये. तिथं भिजायची सोयच नाय. घरांचे वरचे मजले रस्त्यावर आलेले, खाली खांब. सगळ्या शहराला पडवी. कर्जत ते खोपोली चाललीस तरी डोक्यावर थेंब नाय."

एवढं मात्र मी जराही वाढवून सांगितलं नव्हतं.

"तो पडवीत होता?"

"खांबाला टेकून."

"मंग कुनाच्या तरी घरात गेला," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढून तांदूळ पाखडू लागली.

त्या भाद्रपदात तिने मला त्याच्या नावाने बसवलं. पायांवर पाणी घातलं, कपाळाला गंध लावलं. पानात वडे, अळूची भाजी, खीर. चव लागत नव्हती, हात तेवढा चालत होता.

तिने मला लेकाच्या नावाने हाक मारली. "खीर वाढू रं आनखी?"

"वाढ," मी म्हणालो.