तिसऱ्या वळणावरचा झेंडा

त्या शर्यतीबद्दल मी आजवर निदान शंभरदा बोललो असेन. लग्नाच्या पंगतीत, गॅरेजात, मुलीच्या सासरच्या माणसांसमोर. सुरुवात कशी झाली, गिअर कुठे टाकला, शेवटच्या फेरीत मागच्या चाकाने किती माती उडवली, सगळं सांगतो, आणि तिखटमीठ लावूनच सांगतो. फक्त तिसऱ्या वळणाशी आलं की माझी गोष्ट उडी मारते. ऐकणाऱ्याला कळतही नाही. तिथं काय झालं ते मी बायकोला सांगितलेलं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते जाईपर्यंत सांगितलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं मला सापडलेलं नाही.

आधी स्वतःबद्दल चार बरे शब्द बोलून घेतो, पुढे संधी मिळणार नाही. आम्ही बसवनगुडीतले. तीन पिढ्या बंगळुरात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हीची इतकी सरमिसळ की पुण्याचे पाहुणे आले की हसायचे. अण्णांचं कापडाचं दुकान होतं आणि त्या गादीवर मी बसावं एवढीच त्यांची इच्छा होती. मला मात्र मोटरसायकलचा नाद लागला. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती, शंभर सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या, कान बधिर करणारा आवाज. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. रविवार उजाडला की आम्ही दहा-पंधरा वेडे हेब्बाळच्या पुढच्या एका माळरानावर जमायचो. मी मेहनती होतो. पडलो तरी उठायचो. मेकॅनिकशी नीट वागायचो. संपले चार बरे शब्द.

तिथंच परशराम भेटला. बेळगावकडचा. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथ चालवायचा आणि राहायचा हेब्बाळला मामाकडे — म्हणजे शहराच्या एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला नोकरी. ट्रॅकवर कोणीतरी मराठीत शिवी घातली म्हणून मी वळून पाहिलं, तर हा. तेव्हापासून आमची जोडी. एकदा सरावात माझी क्लचची केबल तुटली तेव्हा त्याने स्वतःची जादा केबल काढून दिली, आणि दुपारच्या शर्यतीत मलाच हरवलं. आणि नंतर हसत म्हणाला, केबल परत दे आता.

तो मला नेहमीच हरवायचा. मी त्याच्याहून वाईट नव्हतो — नाही, इथेच सुरू झालं बघा. मी त्याच्याहून वाईट होतो. थोडासाच. फार वाईट असतो तर बरं झालं असतं, गपगुमान दुकानात जाऊन बसलो असतो. पण चार-पाच हातांचं अंतर माणसाला झोपू देत नाही.

त्या वर्षी एका मोठ्या कंपनीने शर्यतीसाठी स्वतःचा संघ उभा करायला घेतला. पगार, गाडी, मेकॅनिक, सगळं त्यांचं. एकच जागा उरली होती. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला त्यांचा मॅनेजर येणार आणि जिंकेल त्याला घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. परशरामला ती जागा मिळाली असती तर लेथ सुटली असती. मला मिळाली असती तर गादी सुटणार होती. दोघांपैकी कोणाची गरज मोठी, हे मला तेव्हाही कळत होतं. कळून काय उपयोग?

आता मामांबद्दल सांगायला हवं. हे मी लांबवतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

परशरामचे मामा एका शाळेत पीटीचे मास्तर होते. उंच, सडपातळ, रविवारीसुद्धा कडक इस्त्रीची पांढरी पँट. भाच्यामुळे त्यांनाही शर्यतींची गोडी लागली आणि ते मार्शल म्हणून फुकट काम करू लागले. मार्शल म्हणजे वळणावर झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस. पुढे कोणी पडलं असेल तर तो पिवळा झेंडा दाखवतो. पिवळा झेंडा म्हणजे वेग कमी करायचा आणि कोणी कोणाला ओलांडायचं नाही. का, ते उघड आहे — पुढे माणूस मातीत पडलेला असतो. चालवणाऱ्यांचा आपसातला आणखी एक रिवाज होता, तो कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. झेंडा दिसला की पुढच्याने डावा हात वर करायचा, म्हणजे धुळीत मागून येणाऱ्याला कळतं आणि तो सावध होतो. मागच्याचा जीव वाचावा म्हणून. शत्रू असला तरी.

मला मामा 'राघू' म्हणत. माझं नाव राघवेंद्र. शर्यत संपली की परशरामबरोबर मलाही घरी ओढून न्यायचे. मामींच्या हातची जोंधळ्याची भाकरी मी किती खाल्ली असेल त्याचा हिशेब नाही.

त्या दिवशी मार्शल कमी पडले म्हणून एरवी गेटजवळच्या वळणावर असणाऱ्या मामांना तिसऱ्या वळणावर उभं केलं होतं. ते वळण लोकांपासून सगळ्यात लांब. मधे एक उंचवटा, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवरून काही दिसायचं नाही.

शेवटून दुसरी फेरी. परशराम पुढे, मी त्याच्या मागे, बाकीचे बरेच मागे. एका फेरीने मागे पडलेला कोईमतूरचा एक मुलगा आमच्या पुढे होता, तो तिसऱ्या वळणावर घसरला. गाडी एकीकडे, तो एकीकडे. आणि मी पाहिलं — मामांनी झेंडा उचलला. संपूर्ण हात वर. पिवळं कापड, पांढरी पँट, मागे लाल माती. धूळ होती, हो, पण एवढी नव्हती. परशरामने थ्रॉटल सोडला आणि डावा हात वर केला. माझ्यासाठी. माझ्याखेरीज त्याच्या मागे होतंच कोण?

मी आतल्या बाजूने त्याला ओलांडून गेलो.

क्षणभरात झालं, भान राहिलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण भान होतं. मला आठवतंय, मी मनात म्हणालो होतो: आत्ता. पडलेल्या मुलाच्या हेल्मेटपासून माझं चाक हातभर अंतरावरून गेलं. तो हलला असता तर? तो हलला नाही, हे माझं कर्तृत्व नव्हे. पुढची दीड फेरी परशराम माझ्या मागच्या चाकाला चिकटून होता, पण मातीच्या अरुंद ट्रॅकवर मी वाट दिली नाही. मी जिंकलो.

त्याने रीतसर तक्रार केली. करणारच. तंबूत टेबलामागे तिघे पंच बसले होते, बाजूला कंपनीचा मॅनेजर. कोईमतूरच्या मुलाचं गळ्याचं हाड मोडलं होतं, त्याला काही आठवत नव्हतं. मागून आलेल्यांनी झेंडा पाहिला होता, पण ते आले तोवर बराच वेळ गेला होता. आम्ही दोघं तिथून गेलो त्या घटकेला तो वर होता की नाही, ते त्यांना सांगता येईना. म्हणजे उरलो तिघं. परशराम, मामा आणि मी.

'धुळीत दिसला नाही' म्हणालो असतो तर अर्धंच खोटं झालं असतं. पण नियम असा की झेंडा दिसो न दिसो, दाखवला असेल तर ओलांडणारा बाद. म्हणून मला पूर्ण खोटं हवं होतं. पंचांनी इंग्रजीत विचारलं. मी चांगल्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं — झेंडा नव्हता सर. मी पुढे निघून गेल्यावर त्यांनी उचलला असेल.

मामा कन्नडमध्ये सांगू लागले. पंचांपैकी एकाला कन्नड नीट येत नव्हतं, तो पुन्हा पुन्हा इंग्रजीत विचारायचा, आणि मामा अडखळायचे. जो माणूस शाळेच्या मैदानावर पाचशे पोरांना एका आरोळीत सरळ करायचा, तो हात वर करून, खाली करून, पुन्हा वर करून दाखवत होता. तरीही वाटत होतं की पंच त्यांचंच ऐकतील. तो चेहराच तसा होता. मग मी आणखी एक वाक्य बोललो. विचारलं नसताना.

मी म्हणालो, सर, मार्शल हे त्याचे सख्खे मामा आहेत.

हे वाक्य तर खरं होतं, नाही का? पंचांनी मामांना विचारलं, खरं आहे का? मामा म्हणाले, हौदु सर. होय. आणि हे आधी का सांगितलं नाही? त्यात सांगण्यासारखं काही आहे हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मामांकडे पाहत नव्हतो. परशराम माझ्याकडे पाहत होता.

तक्रार फेटाळली. मामांना पुन्हा मार्शल म्हणून येऊ नका असं सांगितलं, तेही सगळ्यांसमोर. मला जागा मिळाली. चार हंगाम त्या संघातून गाडी चालवली, पेपरात फोटो आले, अण्णांनी दुकानात एक लावला. पुढे त्याच कंपनीत नोकरी. आज जे काही आहे ते सगळं त्या जागेतून आलं. गेल्या वर्षी नव्या मुलांपुढे खिलाडूवृत्तीवर बोलायला मला बोलावलं होतं. मी बोललो. टाळ्याही पडल्या.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. मीही कित्येक वर्षं स्वतःची अशीच समजूत घातली, की गुन्हा तंबूत झाला. तरुण होतो, स्पर्धा होती, समोर आयुष्य टांगलेलं होतं. पण तसं नाही. खरं मी अजून सांगितलेलंच नाही.

दोन-तीन आठवड्यांनी मामांचा निरोप आला, रविवारी जेवायला ये. जायला नको होतं, पण गेलो. न जाणं म्हणजे कबूल करणं, असा माझा हिशेब. मामींनी ताट वाढलं. परशराम समोर बसला होता, ताटात बघून जेवत होता. मामा त्या आठवड्यांत खचले होते. सख्ख्या मामाचं वाक्य त्यांनी मनावर घेतलंच नव्हतं, "खरं तेच बोललास की," एवढंच म्हणाले. त्यांना वेगळंच काही खात होतं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं:

"राघू, तू खरं सांग बघ. माझा हात वेळेवर वर गेला नव्हता काय रे? मला वाटतंय गेला होता. पण तू कशाला खोटं बोलशील? रोज रात्री आठवून बघतो. आता मलाच खात्री वाटंना."

तिथं पंच नव्हते. मॅनेजर नव्हता. जागा मिळालेली होती, करारावर सही झालेली होती, माझं काहीही जाणार नव्हतं. एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला त्याचा स्वतःचा हात परत द्यायचा होता, एवढंच.

मी म्हणालो, "थोडा उशीर झाला असेल, मामा. होतं असं."

मामांनी मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता, तर शरम होती. ते परशरामकडे वळून म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? चूक माझीच. त्या कोईमतूरच्या पोराला काही झालं असतं म्हणजे?" आणि मामींना म्हणाले, राघूला आणखी वाढ की.

आणि मी जेवलो. वाढलेलं सगळं जेवलो.

परशराम मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं, हे वाक्य मी पुष्कळदा मनात म्हटलंय, पण तेही आपली सोय बघणंच आहे. तो एवढंच म्हणाला, "जागा घेतलास, घे. मामाला तरी खरं सांगायचं होतंस की." मी गाडीला किक मारली. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

मामा पुढे अकरा वर्षं जगले. कळलं ते असं, की शाळेच्या क्रीडादिनालाही त्यांनी पुन्हा कधी झेंडा हातात धरला नाही. आपले हात आता चालत नाहीत, असं सांगायचे. मी त्या अकरा वर्षांत हेब्बाळवरून कितीदा गेलो असेन. घर रस्त्यापासून दोन मिनिटांवर होतं. एकदाही गाडी वळवली नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते आता लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं.