भानुदासच्या जीपला कोणते टायर?

भानुदासने टायर आणून माझ्या टेबलावर आपटला. माझा चहाचा कप लवंडला, चष्मा खाली पडला. त्याने दोन्हींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाना, ह्यो तुमचा लाईट ट्रकचा टायर. कदी फुटायचा न्हाई म्हनला हुता न्हवं? बगा आता."

मी चष्मा शोधून पुसला आणि पाहिलं. टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साईडवॉलवर, लिंबाएवढा फुगा आला होता. आतले धागे तुटले की असा फुगा येतो. आणखी दहा-पंधरा किलोमीटर गेला असता तर फुटलाच असता. असे चारही टायर मीच चार महिन्यांपूर्वी त्याच्या जीपला बसवले होते.

पाथर्डीत माझं टायरचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं हाच धंदा करतो. इतकी वर्षं एकच काम केलं की माणसाला आपण डॉक्टर झाल्यासारखं वाटायला लागतं. गिऱ्हाईक बोलायच्या आत मी औषध सांगायचो. भानुदासलाही तसंच सांगितलं होतं: "पॅसेंजर टायर काढून टाक, एलटी घाल."

हा फरक थोडक्यात सांगतो. कारला असतो तो पॅसेंजर टायर. मऊ असतो, गुळगुळीत चालतो, पस्तीस पौंडांच्या आसपास हवा घेतो. पिकअप, छोटा टेम्पो यांना असतो तो लाईट ट्रक टायर, आम्ही त्याला एलटी म्हणतो. त्याचे थर जाड असतात आणि तो पासष्टपर्यंत हवा घेतो. टायरवर साईजच्या पुढे एक नंबर असतो, तो वजनाचा कोड. भानुदासच्या साईजमध्ये पॅसेंजरवर शंभर होता, म्हणजे एका चाकावर आठशे किलो. एलटीवर एकशेसहा, म्हणजे साडेनऊशे. साईज तीच, रिम तीच, त्यामुळे जीपला दोन्ही बसतात. म्हणूनच लोकांचा गोंधळ होतो.

भानुदास डोंगरावरच्या एका वस्तीवर राहतो. वस्तीत जीप एकच, ती त्याची. पहाटे दुधाचे कॅन घेऊन खाली येतो, मग दिवसभर सीट भरून पाथर्डीला फेऱ्या. कॅन आणि माणसं भरून भरून आधीच्या पॅसेंजर टायरांचा त्याने दोनदा फडशा पाडला होता. मी एलटी सुचवला त्यात मला तरी काही चुकीचं दिसत नव्हतं.

"मला आपलं साधं टायर परत बशिवून द्या," तो म्हणाला. "आन लगोलग द्या. वैशालीला नववा लागलाय."

वैशाली ही त्याची सून. त्याचा मुलगा टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता. ह्या खेपेला वैशाली पोटुशी म्हणून मागे राहिली होती. अॅम्ब्युलन्स डांबरी संपते तिथपर्यंत येते. तिथून वर वस्तीपर्यंत चार किलोमीटर खडी आणि दगड. तेवढ्या रस्त्याला ही जीप सोडून दुसरं काहीच नाही, आणि त्या जीपचा टायर माझ्या टेबलावर पडला होता.

मी टायरच्या आत हात फिरवला. बोटांना रबराचा काळा भुगा लागला. आतून सगळीकडून एक पट्टा घासून गुळगुळीत झाला होता. हे आमच्या धंद्यात पोरसवदा मेकॅनिकलाही कळतं.

"हवा कमी ठेवून पळवलायस, भानुदास."

"आईची आन घिऊन सांगतो, न्हाई. तुमच्याच दुकानात भरतो मी हवा. तुमीच बगता. साठ सांगितली, साठच आसती."

हे मात्र खरं होतं. एक दिवसाआड तो माझ्याकडे हवा भरायचा. भरून झाली की हवा मोजायचा गेज मी स्वतः लावायचो. मागचा दुसरा टायर खोलून पाहिला, त्यातही तोच भुगा. मी तात्पुरते दोन जुने एलटी चढवून त्याला वाटेला लावलं आणि कंपनीच्या इंजिनिअरना फोन केला.

साहेब दोन दिवसांनी आले. टॉर्च लावून दोन्ही टायर आतून पाहिले. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"नाना, अंडर-इन्फ्लेशन. हवा कमी ठेवलीय. क्लेम रिजेक्ट."

"साहेब, माझ्या डोळ्यांसमोर साठ हवा असते."

"मग तुमचा गेज गंडलाय."

हे मला झोंबलं. मी म्हटलं, तुमचा गेज काढा. त्यांच्या गेजने आणि माझ्या गेजने एकच टायर मोजला. दोन्हींवर सारखाच आकडा. साहेबांनी खांदे उडवले.

"टायर खोटं बोलत नाही, नाना. गिऱ्हाईक बोलतं."

भानुदास तिथेच उभा होता. तो इतका लाल झाला की मला वाटलं आता साहेबांच्या अंगावर जातो. "म्या लबाड व्हय?" एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन जीपपाशी बसला.

साहेब गेले. मी बाहेर आलो. माणूस खोटं बोलत नाही आणि टायरही नाही, मग मधे काय घडतंय ते मला कळेना. ते न कळता त्या पोरीला खाली आणायच्या गाडीला मी कुठलाही नवा टायर चढवणार नव्हतो.

"उद्या तुझ्याबरोबर वस्तीवर येतो," मी म्हटलं.

"या की. पन सीटचं भाडं पडंल," तो तोंड न वळवता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दूध उतरवून तो दुकानात आला. हवा भरली, साठ. आम्ही निघालो. जीपमध्ये दोन म्हाताऱ्या आणि मी. मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. डांबरीवर ठीक होतं. खडी सुरू झाली तशी जीप उड्या मारायला लागली. एक दगड आला की बाक खालून असा दणका द्यायचा की जीभ दातांत सापडावी. म्हाताऱ्या सराईतपणे दांडा धरून बसल्या होत्या. ह्या प्रकारचे टायर मी आयुष्यात शेकड्यांनी विकले, पण त्यांच्यावर मागच्या बाकावर बसण्याची ही पहिलीच वेळ. मला स्वतःचा रागच आला.

वस्तीवर पोचलो. देवळापाशी मंदाताई उभ्या होत्या. त्या वस्तीच्या आशा वर्कर, म्हणजे गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण हे सगळं बघणाऱ्या. त्यांच्याबरोबर सातव्या महिन्याची एक बाई होती, तिला सोनोग्राफीला न्यायचं होतं. मंदाताईंनी बाईला ओट्यावर बसवलं. मग सरळ जीपच्या मागच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या, व्हॉल्व्हचं टोपण काढलं, पदराची पिन काढली आणि व्हॉल्व्हमध्ये दाबली. हवा सुसाट बाहेर यायला लागली. ताई तोंडाने आकडे मोजत होत्या.

"अहो ताई! काय करताय काय?" मी ओरडलोच.

"हवा काडतीय." त्या मोजायच्या थांबल्या नाहीत. "ह्ये जाड टायर लई दनकं देतं. पोटुशीला सोसंल का? दर येळी मागल्या दोनी चाकांची काडतो आमी. शंबर मोजलं की बास हुतं."

शंभर झाले. मी गेज लावला. बावीस.

मी भानुदासकडे वळलो. माझं डोकं फिरलं होतं. "आईची शपथ घेतलीस ना रे? हवा कमी ठेवून कधी चालवली नाही म्हणून?"

तो गोंधळला. त्याला खरंच कळत नव्हतं. "गाडी चालवतानी न्हाईच ठिवत. ह्ये काय भाडं हाय का?"

"म्हणजे?"

"आवो, पोटुशी बाईचं भाडं आमी घेत न्हाई. माजा बाप बैलगाडीतून न्यायचा, तवापून घेत न्हाई. ह्या फेऱ्या म्या कशाला धरू?"

साहेब बोलले, मी बोललो, तेव्हा त्याने आपल्या सगळ्या फेऱ्या मनात फिरवून पाहिल्या होत्या. फक्त ह्या त्यात नव्हत्या. पैसे घेतले नाहीत म्हणजे गाडी चालवली नाही, असा त्याचा हिशोब. मला हसावं की डोकं आपटावं ते सुचेना.

"अशा फेऱ्या किती होतात?"

"तपासन्या धरून आटवड्याला दोन-तीन," मंदाताईंनी सांगितलं.

"आणि परत हवा कधी भरतोस?"

"तुमच्याकडं आलो की."

"दवाखान्यातून थेट घरी निघालास तर?"

"बाजाराच्या दिशी तसंच निगतो. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच सीटा भरत्यात. तुमचं दुकान पार दुसऱ्या टोकाला."

इथे टायर मेला होता. दोन बायकांना घेऊन हळू खाली येताना फार बिघडत नाही. पण बावीसच्या हवेवर बाजाराची चौदा माणसं आणि त्यांची पोती घेऊन चढ चढला की टायरची भिंत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दुमडते, तापते आणि आतून तिचा भुगा होतो. एलटीची ताकद हवेत असते. हवा काढली तर तो पॅसेंजर टायरपेक्षाही कमी वजन पेलतो. जाड दिसतो म्हणून माणूस फसतो.

भानुदास म्हणाला, "म्हनून तर म्हनतोय, साधं टायर द्या. मऊ चालतंय. कुनाला हवा काडावी लागायची न्हाई."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. म्हणून मी अंदाजाने काही ठरवायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुधाच्या फेरीत त्याची भरलेली जीप वजनकाट्यावर नेली. फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली, पुढची बाहेर. काटेवाला कुरकुरला, पण वजन दिलं. सतराशे किलो. म्हणजे एका चाकावर साडेआठशे. पॅसेंजर टायरची हद्द आठशेची. तो पर्याय तिथेच संपला. मग कॅन उतरवले, चार माणसं बसवून पुन्हा वजन केलं. साडेनऊशे. एका चाकावर पावणेपाचशे.

दुकानात येऊन मी कॅलेंडरच्या मागचा कंपनीचा तक्ता काढला. किती वजनाला किती हवा, ते त्यात छापलेलं असतं. साडेआठशेला साठ बरोबर होती. पावणेपाचशेला पस्तीस पुरत होती, आणि तीही जास्तच. जीप भरलेली असो की रिकामी, मी त्याला सदा साठ भरायला सांगितलं होतं. रिकाम्या जीपला साठ म्हणजे लोखंडी चाकं. त्या बायकांनी हवा काढली कारण मी ती नको तेवढी भरली होती. मला लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

"भानुदास, चूक माझी आहे. तू वाहतोस काय, हे मी कधी विचारलंच नाही."

त्याच्या कपाळावरची आठी गेली.

मागचे दोन नवे एलटी मी माझ्या पदरचे घातले. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि एक गेज दिला. ते वापरायला शिकवलं मंदाताईंना, कारण भानुदास आकडा बघण्यापेक्षा टायरला लाथ मारून अंदाज घेणारा माणूस. पेशंट असेल तर पस्तीस, दूध आणि बाजार असेल तर साठ. पस्तीसच्या खाली कधीच नाही. आणि पेशंटला मागच्या बाकावर झोपवायचं नाही, मधल्या सीटवर बसवायचं. मागचा बाक बरोबर चाकांवर येतो, सगळा दणका तिथेच.

मंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग ह्ये टायर इकतानाच का न्हाई सांगितलं?"

मी म्हटलं, "चहा घ्या ताई."

भानुदासला आणखी एक सांगितलं. टायर दणकट झाला म्हणून जीप दणकट होत नाही, तिच्या स्प्रिंगच्या पाट्यांची ताकद आहे तेवढीच राहते. दोन कॅन कमी कर, टपावर माणूस बसवू नकोस. "कॅनचं करतो," तो म्हणाला. टपाबद्दल बोलला नाही.

नऊ दिवसांनी दुपारी फोन आला. नंबर भानुदासचा, आवाज मंदाताईंचा. "नाना, वैशालीला घिऊन निगालोय. पस्तीस किली हाय. मदल्या सीटवर बशिवलंय."

संध्याकाळपर्यंत मी दुकानात कुणाशी धड बोललो नाही. एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलला चुकून कारची ट्यूब काढून दिली. शेवटी भानुदासचा फोन आला.

"नाना, नात झाली. दोगीबी बऱ्या हायेत." मग आवाज खाली आला. "दवाखान्यातनं निगताना कोपऱ्यावर सीटा मिळाल्या, भरल्या. मंदाताईनं समद्यांना खाली उतरिवलं. म्हनं, आदी हवा भर, मंग मानसं भर."

"भरलीस का?"

"त्यांच्यापुडं न भरून सांगता कुनाला?"

टायरची निवड कशी करायची, असं लोक मला विचारतात. त्याचं उत्तर टायरवरच्या नंबरात अर्धंच सापडतं. आता मी टायर दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारतो. गाडीत काय भरता, हा पहिला. त्याची उत्तरं पटापट येतात. गाडीतून फुकट कुणाला नेता, हा दुसरा. त्यावर माणूस आधी "कुनालाच न्हाई" म्हणतो. मी त्याच्यापुढे चहा ठेवतो आणि थांबतो.