‘मारिया’चं इंजिन आणि अर्नाळा

एखादी वस्तू पहिल्या फटक्यात दुरुस्त झाली तर तिचं फक्त बिल होतं, किस्सा होत नाही. आमच्या ‘मारिया’चं इंजिन काही केल्या दुरुस्त झालं नाही, म्हणून आमच्याकडे किस्सेच किस्से! आता ग्रुप पांगलाय, गप्पा होतात त्या फोनवर. पण कुणी नुसतं ‘मारिया’ म्हटलं की तासभर कुणी फोन ठेवत नाही.

मारिया म्हणजे उत्तनच्या कोळीवाड्यातल्या आमच्या मित्राच्या, फिलिपच्या वडिलांची शिडाची जुनी होडी. डिझेल इंजिन मागाहून बसवलेलं. वडील गेल्यावर घरात फिलिप आणि त्याची आई, रेजिनामाय, दोघंच. होडी विकायचं ठरलं होतं. पण त्याआधी एकदा, वडील न्यायचे तसं, तिच्यातून उत्तरेला अर्नाळ्याच्या बेटापर्यंत जाऊन यायचं, एवढीच फिलिपची इच्छा! सोबतीला आम्ही तिघं. जेसल पार्कचे हार्डवेअरवाले जयेशभाई, हाटकेशला लेथ चालवणारा कांबळे आणि शांती नगरातला मी, शाळेत विज्ञान शिकवणारा. होडीबद्दल तिघांचं ज्ञान मात्र सारखंच. शून्य!

* * *

पहिल्या रविवारी थाटात निघालो. किनाऱ्यावरची घरं अजून दिसत होती, तेवढ्यात इंजिन बंद! डिझेल संपलं की काय म्हणून फिलिपने टाकीचं झाकण उघडलं, काठी बुडवून पाहिली. डिझेल भरपूर होतं. त्याने झाकण करकचून लावलं. जयेशभाईंनी पाना उचलून इंजिनावर एक ठोका हाणला आणि इंजिन चालू!

“जोयुं? हाथ का जादू है!”

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा बंद. पुन्हा फिलिपची काठी. या खेपेला कांबळेने डिझेलची नळी सोडवून परत जोडली. चालू! “हवा धरली व्हती बगा,” कांबळे म्हणाला. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मी नुसतं गणपतीचं नाव घेतलं. तरीही चालू!

परत येईपर्यंत इंजिन नेमकं कुणी सुधारलं यावर तिघांचं कडाक्याचं भांडण. दर वेळी झाकण उघडणारा फिलिप बिचारा भांडणात नव्हताच.

* * *

मग कांबळेने ओळखीचा मेकॅनिक आणला. त्याने होडी किनाऱ्यालाच ठेवली, टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत इंजिन चालवलं. एक उचकी नाही!

“एकदम मक्खन. इंजिन में कुछ नहीं है, चलानेवाले में होगा.”

पुढच्या रविवारी झाकण लावून निघालो, ठरल्या जागी बंद. तिथूनच त्याला फोन केला.

तो शांतपणे म्हणाला, “चलानेवाला बदला क्या?”

* * *

इंजिन मेलं की शिडावर परत यायचं. शीड फिलिपला लहानपणापासून येत होतं, आम्हाला त्याने शिकवलं. पहिल्याच दिवशी मी भलताच दोर सोडला आणि अख्खं शीड जयेशभाईंच्या अंगावर! आतून आवाज आला, “लाइट गई क्या?”

वाळूत रेजिनामाय उभी असायची. होडी दिसेपर्यंत ती घास खायची नाही. आम्ही ओशाळून उतरलो की म्हणायची, “इंजिन मेला तं मेला. शीड हाय ना?”

खरं सांगतो, शिडावर परत येतानाच्या त्या शांततेची मला आज फार आठवण येते. चौघंही गप्प बसायचो. जयेशभाईसुद्धा!

* * *

एका रविवारी डिझेल बघताना फिलिपच्या हातून झाकण सुटलं आणि थेट समुद्रात. जयेशभाईंनी टाकीच्या तोंडावर आपला रुमाल बांधला. इंजिन चालू केलं. ते चालतंय, चालतंय, चालतंच राहिलं! घरं दिसेनाशी झाली तरी थांबेना, तेव्हा आम्ही घाबरलो आणि होडी वळवली.

येताना कांबळेची ट्यूब पेटली. “आरं, टाकीला श्वासच घेता येत नव्हता! डिझेल जातंय, पण त्याच्या जागी हवा येत न्हाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात, हे तुमीच शिकवता ना?”

“शिकवतो की,” मी म्हणालो. “परीक्षेला येतं.”

* * *

किनाऱ्याला लागल्यावर शोधलं, तर टाकीतून हवेची एक बारीक नळी निघून होडीच्या मागच्या बाजूला बाहेर उघडत होती. तिच्या तोंडात मेणबत्तीचं मेण दाबून बसवलेलं! त्यावर बोटाचा ठसासुद्धा होता.

“पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून बाबांनी बुजवलं असणार,” फिलिप म्हणाला. त्याने तो तुकडा अलगद काढला, ठशाकडे बघत राहिला आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. कांबळेने तार घालून नळी साफ केली, जयेशभाईंनी दुकानातलं नवं झाकण बसवलं.

* * *

पुढच्या रविवारी मायला सांगून निघालो. आज अर्नाळा, तिथेच जेवू, संध्याकाळी परत. मायने फिलिपच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.

घरं अजून दिसत होती. इंजिन बंद!

कांबळे मागे वाकला, नळीच्या तोंडाशी बोट लावून बघितलं. बोटाला मेण लागलं. पांढरं, ताजं, अजून मऊ.

फिलिपने किनाऱ्याकडे पाहिलं. मग उठून त्याने स्वतःच शीड चढवलं आणि होडी घराकडे वळवली.

घरी पोचलो तर पाच ताटं मांडलेली. भाताला वाफ येत होती. जयेशभाईंसाठी बिनमाशाची डाळसुद्धा तयार.

फिलिप दारातच थांबला. “माय, आम्ही तर संध्याकाळी येणार होतो ना?”

“इंजिनाचा काय भरोसा, पोरा?” माय म्हणाली. “हात धुवा.”