टेबलाखालचा पाय

अशा सदरांतले भुताखेतांचे अनुभव मी आजवर वाचत आलो ते हसायला. खोटं कशाला बोलू? मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, आणि ‘सर, आमच्या गावाला ना...’ अशी सुरुवात करणाऱ्या पोरांची वर्गात यथेच्छ टर उडवतो. आता मीच सांगायला बसलोय, तेव्हा तुम्हीही उडवा. फक्त मी घाबरलो म्हणून लिहितोय असं समजू नका. लाज वाटतेय म्हणून लिहितोय.

मी मूळचा सानपाडा गावातला, आगरी. गावठाणातलं जुनं घर पाडून बिल्डिंग झाली, तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्यासारख्या अंतरावर, एक बँक्वेट हॉल आहे. तिथे दर वर्षी श्रावणात आमची पोकरची मोठी स्पर्धा भरते. पैसे लावून नाही हं... एक ढाल आणि राज्याच्या टीममध्ये एक जागा, बस्स. सहाशेच्या आसपास लोक येतात. मी हौशी खेळाडू. गणित पक्कं म्हणून लोक सल्ला विचारतात, एवढीच माझी पत.

आमच्यातली खरी खेळाडू म्हणजे शुभांगी. राहते जुईनगरला, नोकरी रबाळ्याच्या एका कंपनीत. समोरचा चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, कशा पुढे सरकवतो त्यावरून ती त्याच्या हातातले पत्ते ओळखते. इतकी वर्षं खेळून तिला ढाल एकदाही मिळाली नव्हती. तिचे वडील अण्णा कराडकडचे. पोरगी पत्ते कुटते हे कळल्यापासून त्यांनी तिच्या घरची पायरी चढणं सोडलं होतं. यंदा ती शेवटच्या नऊ जणांत पोचली, आणि तिच्या नवऱ्याने कशीबशी मनधरणी करून अण्णांना रविवारी सकाळी थेट हॉलवर आणलं. नऊ जणांत नशिबाने मीही होतो.

जेवणाच्या सुट्टीत अण्णा ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसले.

“मास्तर, पोरगी म्हनती ह्यात अक्कल लागती. मग आजवर जिंकली का न्हाई?”

मला काय, शिकवायला निमित्तच हवं असतं. म्हटलं, “अण्णा, सहाशे जण अगदी सारखे असते, तर प्रत्येकाचा पहिला नंबर सरासरी सहाशे स्पर्धांतून एकदा लागला असता. शुभांगी चौपट चांगली आहे असं धरू. तरी दीडशेतून एकदाच. पत्ते तिचं ऐकत नाहीत ना. ती फक्त चुका कमी करते.”

“आन् ही स्पर्धा वर्सातनं एकदाच?”

“हो.”

त्यांचा घास हातातच राहिला. “मंजी आज हुकलं, तर झालंच की मग.”

“म्हणूनच आजचा दिवस मोठा आहे. शेवटच्या नऊत आहे ती. एवढ्या जवळ माणूस रोज येत नाही.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, “जिंकली तर आज तिच्याच घरी ऱ्हानार हाय म्या. गावात सांगाय तोंड तरी ऱ्हाईल, की जुगार न्हवं, डोक्याचं काम हाय.”

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. माझी लीलाआत्या दोन वर्षांपूर्वी गेली. आमच्या घरी गोकुळाष्टमीच्या दुपारी पत्ते बसायचे. मेंढीकोट. चौघांचा डाव, समोरासमोरचे दोघं भिडू, आणि ज्यांच्याकडे दहिले, म्हणजे दश्श्या, जास्त ते जिंकले. आत्या आणि मी कायमचे भिडू. ती टेबलाखालून माझ्या पायाचा अंगठा टाचेने दाबायची. एकदा दाबला तर हात सोडून दे, दोनदा दाबला तर मार. सगळ्या घराला ठाऊक होतं. कोणी ओरडलंच तर आत्या म्हणायची, “घरातल्या घरात कसली आलीय लबाडी? खेल गप.”

पोकरमध्ये हे अजिबात चालत नाही. एका हाताला एकच डोकं, दुसऱ्या कोणी सुचवायचं नाही. दर वर्षी नवख्यांना हा नियम समजावून सांगणारा माणूस म्हणजे मी.

तर जेवणानंतर खेळ सुरू झाला आणि मला दोन राजे आले. पोकरमध्ये सुरुवातीला हातात दोनच पत्ते येतात, आणि याहून भारी फक्त दोन एक्के. शहाणा माणूस राजे टाकून डाव सोडत नाही. मी चिप्स पुढे करणार, तेवढ्यात पायाचा अंगठा दाबला गेला. एकदाच.

माझ्या पायात कडक चामड्याचे बूट होते. आत मोजे. आणि तरीही टाचेच्या भेगा मला उघड्या कातडीवर जाणवल्या... आत्याच्या टाचांना होत्या तशा. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. नुसतं कार्पेट. वर आलो आणि कसा कोण जाणे, राजे टाकून दिले. पुढच्या मिनिटाला पलीकडच्या माणसाने दोन एक्के उलटे केले.

मी स्वतःला सांगितलं, पायाला मुंग्या आल्या असतील. मग पुन्हा झालं. या वेळी दोनदा. मी रद्दी पत्त्यांवर सगळं लावलं आणि जिंकलो. लोक टाळ्या वाजवत होते. मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला मजा येत होती.

संध्याकाळ होता होता टेबलाला दोघंच उरलो, मी आणि शुभांगी. तिच्याकडे माझ्यापेक्षा थोड्याच कमी चिप्स होत्या. अण्णा पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. खेळ त्यांना कळत नव्हता. ते फक्त पोरीकडे बघत होते.

माझ्या हातात सत्त्यांची जोडी. टेबलावर दोघांनाही धरता येणारे उघडे पत्ते: एक्का, राजा, चव्वा, तिन्ही इस्पिकचे, आणि मग दोन किरकोळ पत्ते. शुभांगीने सुरुवातीपासून मोठा हात असल्यासारखं खेळत आणलं होतं. शेवटच्या पत्त्यावर तिने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. तिथे सत्त्या टाकायच्या असतात. माझ्या गणिताने टाकायच्या, तिच्या खेळण्याने टाकायच्या. मी पत्ते उचललेसुद्धा होते.

अंगठा दाबला गेला. दोनदा. दुसऱ्यांदा तर टाच तिथेच रगडत राहिली.

मी म्हणालो, “कॉल.” म्हणजे तेवढ्याच चिप्स माझ्याही.

शुभांगीने पत्ते उलटे केले. बदामची राणी आणि चौकटचा गुलाम. काहीच नव्हतं तिच्याकडे. सगळी थाप होती, आणि इतकी सुंदर थाप मी आयुष्यात पाहिली नव्हती.

हॉलमध्ये आरडाओरडा झाला. मला कोणीतरी उचललं. शुभांगीने हात मिळवला आणि म्हणाली, “सर, हा कॉल कोणी करत नाही. कसा केलात?”

मी म्हणालो, “गणित.”

अण्णा उठले, जावयाला काहीतरी म्हणाले आणि सात वाजताची एसटी गाठायला निघून गेले. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाले, “मास्तर, तुमी हुशार मानूस.” त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी बूट काढले तर अंगठा काळानिळा. बायको म्हणाली, “नवीन बूट आहेत, चावले असतील.” असतीलही. पण एकाच पायाचा, तोही फक्त अंगठा?

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. टीममधली जागा मी शुभांगीला देऊ केली. तिने साफ नकार दिला. “हरले ते हरले, सर. मला दया नको.” शेवटी मी तिच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. आत्या, टाच, राजे, सगळं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा चिडेल. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, “आत्याने दाबला असेल. मी नाही म्हणत नाही. पण सर, एकदा कळल्यावर तुम्ही पाय मागे का नाही घेतला? खुर्चीखाली घ्यायचा.”

मी उठलो. चहा तसाच टाकून निघालो.

बंद बुटात तो पाय कुठून आला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. शुभांगीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तेव्हाही माहीत होतं. मला जिंकायचं होतं. पाय मी मागे घेतला नाहीच, उलट शेवटच्या डावात तो हळूच थोडा पुढे सरकवून ठेवला होता.