वडिलांची दुबई

असली गुंडांची पुस्तकं कशाला वाचता, असं बायको विचारायची. उत्तर सोपं होतं. हॉटेलांना भांडी पुरवण्याच्या धंद्यात अर्धा दिवस परचेस मॅनेजरच्या दाराबाहेर बसण्यात जातो आणि वर्तमानपत्र अर्ध्या तासात संपतं. दुबईत, करामा भागात, जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. देश सोडून जाणारे लोक पुस्तकं तिथे देऊन जात. पाच दिरहम, म्हणजे तेव्हाचे साठ रुपये. मी तीनवर आणायचो. न्यूयॉर्कच्या ज्यू टोळ्यांच्या खऱ्या हकिकतींचं पुस्तक असंच आणलं. ती माणसं मला कळायची. परक्या शहरात रिकाम्या हातांनी आलेली, मोडक्या भाषेची, तिखट तोंडाची. खून वगळले तर आमच्यासारखीच.

एका प्रकरणाशी मात्र थबकलो. एक गुंड चार वर्षं तुरुंगात होता. बायकोने मुलांना सांगितलं होतं, बाबा जहाजावर नोकरीला आहेत. तो सुटला त्या दिवशी तिनेच बाजारातून परदेशी खेळणी आणि चॉकलेटं आणली, त्याची बॅग भरली, आणि तो ती घेऊन दारात उभा राहिला.

मी पुस्तक मिटलं. तेवढ्यात आत बोलावलं. त्या दिवशी मी मॅनेजरच्या पहिल्याच आकड्याला हो म्हणालो.

तशी बॅग आमच्याही दारात आली होती. मी दहा वर्षांचा होतो, कोकणात. वडील तीन वर्षं दुबईला होते आणि येताना सहा साबण, आईला नायलॉनची साडी, मला टॉर्च घेऊन आले. एका साबणावर मुंबईच्या दुकानाची चिठ्ठी होती. मी ती आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली होती, "बोटीतून उतरल्यावर घेतला असेल."

घरी येऊन थोरल्या भावाला फोन लावला.

"बाबा दुबईला कधी होते?"

तो हसला. "तुला अजून माहीत नाही? अरे, किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरवताना धरलं त्यांना. रत्नागिरीला होते, तुरुंगात. सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

"तू खूश होतास ना."

सगळ्या गावाला. शाळेत पोरं विचारायची, "काय रे, दुबईचं पत्र आलं का?" मी छाती काढून सांगायचो, आलं. पुढे वडील जेवताना मला इथल्या खाडीचं वर्णन ऐकवायचे. ते ऐकूनच मी विसाव्या वर्षी इथे आलो, लेबर कॅम्पात राहिलो, धंदा उभा केला. वडील तोवर वारले होते. भांडायला आई तेवढी उरली होती.

त्या हिवाळ्यात ती व्हिजिट व्हिसावर आली. तिच्याच तोंडून काढून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. दोन आठवडे बायकोवर ओरडलो, ड्रायव्हरवर ओरडलो, आईपुढे गप्प. मग एका शुक्रवारी तिला आणि मुलीला खाडीवर नेलं, अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या लाकडी होडीत, बसवलं. होडीवाला "यल्ला, यल्ला" करत लोकांना सरकवत होता.

होडी निघाली. आई पलीकडच्या काठाकडे बघत नातीला म्हणाली, "तुझे आजोबा इथेच राहायचे हो."

"रिअली? विच बिल्डिंग, आजी?"

 आईने माझ्याकडे पाहिलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर ही नमण्याची वेळ कधी येते ते ओळखण्यावर मी पोट भरलं आहे. आता फक्त थांबायचं होतं. पण होडी हलत होती, तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती, आणि मला थांबण्याचाच थकवा आला होता.

"ती बघ," मी मुलीला बोटाने दाखवलं. "निळ्या खिडक्यांची. दुसरा मजला."

"तिसरा," आई म्हणाली.

मी घासाघीस केली नाही.